कारखान्यामागचं मैदान

मुलीनं फरीदाबादला घर घेतलं त्याला आठ महिने झाले, आणि आठही महिने मी तिकडे जायचं टाळत राहिले. कधी गुडघा दुखतोय, कधी ऊन फार आहे, कधी दिल्लीतल्या द्वारकेहून तिथवर मेट्रो बदलत जायचं म्हणजे दिवस मोडतो. शेवटी गेल्या महिन्यात मुग्धा स्वतःच गाडी घेऊन न्यायला आली. वाटेत म्हणाली, "आई, माझं घर तुला आवडणारच नाही असं तू आधीच ठरवलंयस का?"

"वेडी आहेस का," मी म्हटलं आणि काचेबाहेर बघत बसले.

नवव्या मजल्यावरचं घर. तिनं मला हाताला धरून थेट बाल्कनीत नेलं. "हा व्ह्यू बघ ना, यार. यासाठीच मी फ्लॅट फायनल केला." खाली निळाशार पोहण्याचा तलाव, त्याच्या कडेनं ओळीनं लावलेली पामची झाडं, गाड्यांच्या रांगा. आणि त्या सगळ्यापलीकडे एक जुनी सिमेंटची पाण्याची टाकी, चार पायांवर उभी. तिला फिकट गुलाबी रंग दिला होता.

"ती टाकी जरा अग्ली आहे," मुग्धा म्हणाली. "आधी इथे कुठलीशी फॅक्टरी होती म्हणे, तिची आहे."

टाकीवरून मी अंदाज बांधत गेले. टाकीच्या डावीकडे सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांची रांग. रांगेच्या शेवटी मैदानाचं फाटक. फाटकापासून तिरकं चालत गेलं की लालसर मातीचा तुकडा, एरवीच्या जमिनीपेक्षा कडक, कारण त्यावर रोज पाणी मारून धुम्मस केलेली. म्हणजे आत्ता जिथे दोन लहान मुलं पाण्यात हातपाय मारत होती, बरोबर तिथे.

मी कठडा धरला.

"चक्कर येतेय का?"

"नाही गं. ऊन लागलं जरा."

तिला एवढंच माहीत आहे की तिची आई उंच उडी मारायची, परदेशात जाऊन आली, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात तिची पदकं आहेत. फरीदाबादला कुठल्याशा कॉलनीत आई लहानाची मोठी झाली, हेही तिनं ऐकलंय. पण ती कॉलनी कुठली हे तिनं कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

*

बाबा त्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ट्रॅक्टरचे गिअर बनायचे तिथे. सकाळच्या भोंग्याबरोबर कॉलनीतल्या सगळ्या घरांची दारं उघडायची आणि सायकलींचा एक लोंढा फाटकाकडे वाहायला लागायचा. मोजमापं घ्यायला बाबा सारखे यंत्रांजवळ जायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला लेथवरच्या तेलाचा वास यायचा, जरासा गोड, जरासा जळका. आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची. मला तो वास आवडायचा. अजूनही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो आला की माझी पावलं हळू होतात.

कॉलनीत बंगाली होते, मल्याळी होते, पंजाबी तर होतेच, आणि मराठी घरं चार. त्या चार घरांचा मिळून एक गणपती. आरतीला मात्र सगळी कॉलनी यायची, आणि 'जय देव जय देव' प्रत्येक जण आपापल्या चालीत म्हणायचा. गणपतीत मुलांच्या शर्यती असत. एका वर्षी माझी शर्यत पुकारली तेव्हा मी प्रसादाच्या रांगेत होते. नाव ऐकून धावत सुटले, आणि खुर्च्यांभोवती बांधलेली दोरी वळसा घालून जाण्याऐवजी तिच्यावरूनच गेले. हातातला मोदक पडू नये म्हणून मूठ छातीशी धरली होती. शर्यतीत माझा कितवा नंबर आला ते आठवत नाही. कारखान्याच्या क्रीडा विभागाचे एक उंच गृहस्थ बाबांजवळ येऊन उभे राहिले, ते आठवतं.

"कुलकर्णी साहब, ये लड़की किसकी है?"

"मेरी है. क्यों? कुछ तोड़ा क्या?"

"सुबह पाँच से सात मुझे दे दो. बाकी दिन आप रखो."

ते मास्टरजी. सगळी कॉलनी त्यांना एवढ्याच नावानं ओळखायची. मूळचे पानिपतचे. तरुणपणी स्वतः उड्या मारायचे, वाळूच्या खड्ड्यात, एक पाय आधी आणि दुसरा मागून, जुन्या पद्धतीनं. पण तोवर जग पाठीवर पडून उडी मारायला लागलं होतं. पाठीवर पडायचं म्हणजे खाली जाड फोमची गादी हवी, आणि तसली गादी त्या काळात मोठ्या स्टेडियममध्येच असायची. आमच्याकडे होती वाळू. वाळूत पाठीवर पडलं तर मान मोडायची.

महिनाभरानं मास्टरजी पानिपतहून एक ट्रक घेऊन आले. ट्रकभर चिंध्या. पानिपतला थंड देशांतले जुने लोकरी कोट, स्वेटर, पँटी गठ्ठ्यांनी यायच्या. त्या फाडून, पिंजून त्यांचं सूत काढायचे आणि त्याची घोंगडी विणायचे. सूत काढून उरलेली रद्दी मास्टरजींनी ओळखीच्या गिरणीतून मागून आणली होती. तागाची पोती उसवून आईनं आणि शेजारच्या दोन बायकांनी त्यांच्या खाटेएवढ्या पिशव्या शिवल्या. चार दिवस आमच्या अंगणात चिंध्या भरण्याचं काम चाललं होतं. त्या चिंध्यांत काय काय निघायचं! लाकडी बटणं, पितळी बटणं, नांगराचं चित्र असलेलं एक बटण, न वाचता येणाऱ्या अक्षरांची लेबलं. एका कोटाच्या खिशाचं अस्तर निघालं, त्यात बसचं तिकीट होतं. कुणा अनोळखी बाईनं कुठल्याशा थंडगार गावात काढलेलं. आईनं ते उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "बिचारी. कोट देऊन टाकला म्हणजे उन्हाळा आला असेल तिच्याकडे."

त्या पोत्यांच्या ढिगावर मी पाठीवर पडायला शिकले. पडलं की सगळीकडून धूळ उडायची, आणि ओल्या लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा, कुणाच्या तरी कपाटाचा वास नाकात जायचा. केसांत तंतू अडकायचे. शाळेत मुली विचारायच्या, "तुझ्या डोक्यात काय हे?" मी म्हणायचे, "परदेश."

पाठीवर पडायची ती उडी मास्टरजींना येत नव्हती. त्यांनी कुठल्याशा वाचनालयातून एका मासिकातली चित्रं कापून आणली होती, वहीत चिकटवली होती. मला म्हणाले, "मैं भी सीख रहा हूँ, तू भी सीख. जिसको पहले आ जाए, वो दूसरे को बता दे." पहिले कित्येक महिने आम्ही दोघं चित्रांपुढे बसून वाद घालायचो, खांदा आधी वळतो की कंबर. चाळिशीतला तो माणूस माझ्यासमोर मातीवर उताणा पडून पाय झाडून दाखवायचा. सफेद्याखाली लोकर विणत बसलेली माझी आई तोंडाला पदर लावून हसायची.

हिवाळ्यात धुकं पडायचं. आता पडतं ते धुराचं. ते तेव्हाचं धुकं वेगळं होतं, पांढरं, ओलं, नुसत्या पाण्याचा वास असलेलं. धाव घ्यायच्या खुणेवर उभी राहिले की समोरचे खांब दिसायचे नाहीत, दांडी दिसायची नाही, मास्टरजीही नाहीत. मग ते दांडीजवळ उभे राहून टाळी वाजवायचे. एक टाळी, थोडं थांबून दुसरी. मी त्या आवाजाच्या दिशेनं धावायचे. नऊ पावलं. आठव्याला वाकायचं, नवव्याला जमीन मारायची. धुक्यातून खांब अंगावर यायचे, आणि पाठ हवेत गेली की वर पुन्हा पांढरं, खाली पांढरं. दांडी पडली नाही तर मास्टरजी काहीच बोलायचे नाहीत. नुसते दांडी एक बोट वर चढवायचे. त्या खटक्याचा आवाज मला कुठल्याही शाबासकीपेक्षा गोड वाटायचा.

उन्हाळ्यात पाचलाच वारा गरम असायचा. मास्टरजी खिशात कांदा ठेवायचे आणि मलाही ठेवायला लावायचे, लू लागू नये म्हणून. सरावानंतर त्यांच्या घरच्या मडक्यातलं सातूचं सरबत. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणायचो, ओसरीत उभ्या राहून माझा पेला रिकामा होईपर्यंत बघत राहायच्या. "और ले. हड्डी दिख रही है तेरी."

*

पुढची आठ-नऊ वर्षं मी उड्या मारल्या. त्या वर्षांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी आकडे सांगते, गावांची नावं सांगते. खरं आठवतं ते दुसरंच. रेल्वेच्या डब्यात बर्थच्या कडेनं बांधलेली सरावाची फायबरची दांडी. वसतिगृहांमधल्या फिनेलचा वास. राष्ट्रीय शिबिरातून बोलावणं आलं तेव्हा मी मास्टरजींना सांगायला गेले, तर ते सायकलची चेन बसवत होते. काळ्या हातांनीच म्हणाले, "जा. मुझे जितना आता था, दे दिया. अब वहाँ का सीख."

आणि एक परदेशातलं थंड शहर, ओला ट्रॅक, पिवळे दिवे. तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नात माझी टाच दांडीला लागली. मी गादीवर पडून वर पाहत होते. दांडी थरथरली, थरथरली, आणि राहिली. आशियातलं रौप्यपदक. पण मला त्या क्षणी काय वाटलं ते मी कुणालाच कधी सांगितलं नाही. ती गादी इतकी मऊ होती की मी पडले हेच कळलं नाही. धूळ उडाली नाही. कसलाच वास आला नाही. क्षणभर मला वाटलं, मी अजून खाली आलेच नाहीये.

परत आले तेव्हा विमानतळावर गर्दी होती. खेळाडू म्हणून मला नोकरी दिलेल्या कार्यालयाचे अधिकारी, फोटोवाले, हार. बाबा आणि मास्टरजी बसनं आले होते. मास्टरजींनी कारखान्याचा निळा ब्लेझर घातला होता, ऐन गरमीत. ते कठड्यामागे होते. मला गाडीत बसवलं गेलं. सत्काराला उशीर होत होता म्हणे. काचेतून मी त्यांना पाहिलं. त्यांनी हातानं खूण केली, जा, जा. मी गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत माझ्या मुलाखती आल्या. मी शिबिरातल्या प्रशिक्षकांची नावं सांगितली, संघटनेचे आभार मानले. मास्टरजींचं नाव कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही ओठांवर आलं नाही. आंटींनी ती सगळी कात्रणं कापून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

*

त्याच वर्षांत सगळं भराभर बदलायला लागलं. कॉलनीत छतांवर टीव्हीच्या तबकड्या आल्या, अंगणांत मारुत्या. सोनारकाम केल्यासारखे चकचकीत बिस्किटांचे पुडे आले. एका पौष्टिक पेयाच्या जाहिरातीत माझा फोटो आला, दांडीवरून जातानाचा, आणि रिंग रोडवर एका मोठ्या फलकावर मी तीन महिने हवेत तरंगत होते. बाबांच्या कारखान्यात मात्र गिअरच्या नव्या मागण्या येईनात, बनवलेला माल खपेना. घराघरांत एकच शब्द ऐकू यायला लागला, स्वेच्छानिवृत्ती. बाबांनी ती घेतली. मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. आई सांगायची, त्या दिवशी तिनं दहा मिनिटांत तीनदा घड्याळाकडे पाहिलं.

माझा गुडघा त्याच सुमाराला गेला. एका साध्या सरावात, पावसानं निसरड्या झालेल्या ट्रॅकवर. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली नाही, पुन्हा झाली. त्यानंतर माझं आयुष्य म्हणजे कार्यालयातलं एक टेबल. लग्न झालं, मुग्धा झाली, आम्ही द्वारकेला राहायला आलो. तेव्हा द्वारका म्हणजे अर्धवट इमारती, सळ्या, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारी विमानं की फोनवर बोलणं थांबवावं लागायचं. फलकावर माझ्या जागी दुसरं कुणी आलं होतं. माझं नाव घेऊन कुणी बोलावेनासं झालं.

मास्टरजी फरीदाबादलाच राहिले. क्वार्टर रिकामी करायची नोटीस येईपर्यंत राहीन, म्हणाले. बंद कारखान्यामागच्या त्या मैदानात ते पहाटे वीसेक मुलींना शिकवत होते. काम सुटलेल्या कामगारांच्या मुली, आजूबाजूच्या वस्तीतल्या मुली.

एके दिवशी ते आमच्या द्वारकेच्या घरी आले. तीन बस बदलून. हातात गाजरांची पिशवी. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. तीन वर्षांची मुग्धा त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली, तर तिच्या पायाची लांबी त्यांनी वितीनं मोजली. "टाँगें तेरे पे गई हैं इसकी," ते हसले. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले,

"ज़मीन बिक गई. फ्लैट बनेंगे. हम पूरी ज़मीन नहीं माँग रहे, बेटा. बस वो कोना. तीस कदम इधर, तीस उधर. शनिवार को कलेक्टर साहब के यहाँ अर्ज़ी देनी है. तू साथ चल. बोलना कुछ नहीं. बस खड़ी रह मेरे बगल में."

मी म्हटलं, "देखती हूँ, मास्टरजी."

ते म्हणाले, "हाँ, देख ले."

त्याच खोलीत, टीव्हीखालच्या खणात, त्याच जमिनीच्या भूमिपूजनाचं निमंत्रण पडलेलं होतं. बिल्डरचा माणूस आठवडाभर आधीच येऊन गेला होता. जाड गुळगुळीत कागद, त्यावर सोनेरी अक्षरात माझं नाव, नावाआधी माझ्या पदकाचा उल्लेख. मी त्याला हो म्हटलं होतं. का म्हटलं, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळदा विचारलंय. लोभ नव्हता कशाचा. कित्येक वर्षांनी कुणीतरी माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, एवढंच. ते निमंत्रण मी रोज एकदा काढून पाहायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे.

शनिवारी मी गेले नाही. गुडघ्याच्या व्यायामासाठी जायचं होतं, असा निरोप बाबांकरवी पाठवला; ते तेव्हा आमच्याकडेच राहत होते. त्यानंतरच्या गुरुवारी मी भूमिपूजनाला गेले.

मांडव घातला होता, झेंडूच्या माळा, आत व्यासपीठामागच्या पडद्यावर माझं नाव. नव्या चुन्याचा आणि डिझेलचा वास. मैदानाच्या कडेला कुणीतरी आमची पोती ओढून टाकली होती. एक फाटलं होतं आणि त्यातून राखाडी लोकर बाहेर आली होती. फाटकाजवळ मास्टरजी उभे होते, आणि त्यांच्या मागे दोन ओळींत मुली. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. घोषणा देतील. ते मुलींकडे वळून म्हणाले,

"दीदी को नमस्ते करो."

वीस आवाज एकदम आले. त्यातली एक, तेरा-चौदा वर्षांची, पोटऱ्या नुसत्या काडीसारख्या, सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच, ओळ सोडून माझ्याकडे धावत आली. तिचे डोळे चमकत होते. "दीदी, मैं कमलेश. आज कूदके दिखाओगी?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बिल्डरचा माणूस मला कोपराला धरून मांडवाकडे नेत होता. मी मागे वळून पाहिलं तेव्हा मास्टरजी मुलींना ओळीनं फाटकाबाहेर घेऊन चालले होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. शेवटची मुलगी बाहेर गेल्यावर त्यांनी फाटक आपल्या हातानं लोटून घेतलं. मग भटजींनी मंत्र म्हटले, कुणीतरी माझ्या हातात फीत बांधलेली कुदळ दिली, आणि मी ती मारली. जमीन कडक होती. कुदळ उसळली. लोक हसले, मीही हसले, आणि पुन्हा मारली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मास्टरजी भेटले?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

बाबांनी पेपर उघडला. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासमोर मास्टरजींचा विषय काढला नाही.

वर्षभरात मास्टरजी पानिपतला परतले. मी जाईन, भेटेन, माफी मागेन असं ठरवत राहिले. दिल्लीहून पानिपत म्हणजे दीड-दोन तासांचं अंतर. ते मी वीस वर्षांत पार केलं नाही. मास्टरजी वारल्याचं कळलं तेव्हासुद्धा बॅग भरली आणि पुन्हा रिकामी केली. जाऊन कुणासमोर उभी राहणार होते?

*

मुग्धाकडून परतल्यावर आठ दिवसांनी मी सकाळच्या गाडीनं पानिपतला गेले. जुन्या कॉलनीतल्या एका काकांकडून पत्ता घेतला होता. आंटी आता पाठीतून वाकल्यात, पण मला दारात बघताच म्हणाल्या, "आ गई. हड्डी अब नहीं दिखती तेरी." त्यांनी मला ती कात्रणं दाखवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेली. मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं, थोपटलं नाही, थांबवलंही नाही.

मग म्हणाल्या, "एक लड़की थी, कमलेश. उसका बाप भी यहीं आ गया था काम ढूँढ़ने. तेरे मास्टरजी कहते थे, ये ऊपर जाएगी. तेरा नाम लेके कहते थे, उससे भी ऊपर जाएगी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "यहाँ कहाँ कूदती? सत्रह में ब्याह हो गया. दो गली छोड़के रहती है. चादरें सीती है."

दोन गल्ल्या मी चालत गेले.

दार उघडलं ते तिनंच. मी नाव सांगायच्या आत तिनं माझे दोन्ही हात धरले. "दीदी! आप!" अजून तशीच उंच होती, दाराच्या चौकटीला डोकं टेकायला आलेलं. खोलीत शिलाई मशीन, चादरींचे ढीग, नव्या सुताचा आणि खळीचा वास. कोपऱ्यात पंधरा वर्षांची मुलगी अभ्यास करत होती, आईसारखीच लांब पायांची. "उठ, पैर छू. ये वही दीदी हैं," कमलेश म्हणाली. मुलगी पाया पडली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"खाना खाके जाओगी," कमलेश म्हणाली. मी नको म्हणतेय तोवर तिनं गॅस पेटवून तवा चढवला होता, परातीत कणीक घेतली होती. "बिना खाए तो मैं जाने नहीं दूँगी. इतने साल बाद आई हो." कणीक मळता मळता ती बोलत होती, हसत होती. मास्टरजी, सफेद्याची झाडं, लोकरीची पोती. मग म्हणाली, "और वो आख़िरी दिन. आप आई थीं ना ग्राउंड पे. गेट के बाहर ले जाके मास्टरजी ने हमें बताया, दीदी ग्राउंड बचाने आई है, देखो, इतनी बड़ी होके भी आई. पर ये लोग सुनेंगे नहीं. मैं तो बहुत रोई थी. इसको भी बताती हूँ मैं. हमारे लिए और कोई नहीं आया था, बस दीदी आई थीं."

मुलगी मान हलवत होती. ही गोष्ट तिनं पुष्कळदा ऐकलेली होती.

मला गप्प बसता आलं असतं. गरम पोळी खाऊन, दोघींच्या डोक्यावर हात ठेवून निघता आलं असतं. मास्टरजींनी मला तेवढी जागा करून ठेवली होती.

"कमलेश," मी म्हटलं, "मैं बचाने नहीं आई थी. मुझे उन्हीं लोगों ने बुलाया था. तुम लोग बाहर गईं, उसके बाद पहली कुदाल मैंने मारी."

तिचे हात कणकेत थांबले.

"मास्टरजी को पता था?"

"पता था. उन्होंने अर्ज़ी के लिए बुलाया था मुझे. मैं नहीं गई."

तवा तापून त्यावरून धूर निघायला लागला होता. कमलेशनं हात पुसले, पुढे वाकून गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता, अगदी अदबीनं म्हणाली, "दीदी, पौने चार की बस है. उसके बाद वाली में भीड़ बहुत होती है."

मी हो म्हटलं आणि चपला घातल्या. मुलगी वही मिटून आईकडे बघत होती. कमलेशनं मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि मला दारापर्यंत सोडायला आली.